मशीन आडवं पडतं तेव्हा दुरुस्तीची हत्यारं कुठे असावीत?

मार्चअखेरचा आठवडा. एका कर सल्लागार बाईंच्या ऑफिसातून सकाळीच फोन आला, "लॅपटॉप निळा झालाय आणि कसले तरी आकडे मागतोय." जाऊन बघितलं तर बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कला कुलूप घालणाऱ्या सोयीचा, पडदा: डिस्क कुलूपबंद आहे, ४८ अंकी रिकव्हरी की टाका. आदल्या रात्री बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट झालं होतं. बिटलॉकरला संशय यायला एवढं निमित्त पुरतं.

"मॅडम, ही की कुठे जपून ठेवली होती का?"

"हो, ठेवलीय ना. लॅपटॉप घेतला तेव्हाच सेव्ह केली."

"कुठे?"

"डेस्कटॉपवरच आहे. पीडीएफ."

आणि मग त्या स्वतःच गप्प झाल्या.

त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण सापळा आधीपासूनच मांडलेला आहे. की फाइल म्हणून सेव्ह करायला गेलं तर विंडोज ती त्याच कुलूपबंद डिस्कवर ठेवू देत नाही, सरळ अडवतं. पण 'प्रिंट करा' म्हटलं आणि प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडलं की काहीच आडवं येत नाही. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, चिठ्ठीवर मावतील एवढे. पण ते वाचायला आधी तेच आकडे हवेत.

ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारी माणसं गेली पन्नासेक वर्षं याच कोड्याशी झगडतायत. यंत्रणा कोसळली की ती उभी करायला लागणाऱ्या फाइली, आज्ञा, किल्ल्या ठेवायच्या कुठे? मी जागा ठरवताना एवढंच विचारतो: ही वस्तू हातात यायला आधी काय काय चालू असावं लागतं? त्या यादीत बिघडणारी गोष्टच असेल, तर जागा चुकली.

कोड्याची सुरुवात युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून बघू. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-११ नावाच्या मशीनवर काम करत होते. तेव्हाच्या डिस्कवर आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा जेमतेम मावला असता. मूळ यंत्रणा एका डिस्कवर, म्हणजे 'रूट'मध्ये, आणि वापरणाऱ्यांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर, 'यूएसआर' नावाखाली. पहिली डिस्क भरली तशा काही आज्ञाही दुसरीवर गेल्या. म्हणून आज्ञांची दोन घरं झाली: रूटमधलं 'बिन' आणि यूएसआरमधलं 'बिन'.

आता गंमत बघा. दुसरी डिस्क जोडायची तर 'माउंट' ही आज्ञा लागते. ती आज्ञाच दुसऱ्या डिस्कवर गेली, तर ती डिस्क कधीच जोडली जाणार नाही. म्हणून माउंट पहिल्या डिस्कवरच राहिली पाहिजे. जागेच्या टंचाईतून झालेल्या या वाटणीला पुढे नियमाचं रूप आलं. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्समध्ये कोणती फाइल कुठे ठेवायची याचं मानक फेब्रुवारी १९९४ मध्ये पहिल्यांदा आलं. आज ते एफएचएस नावाने ओळखलं जातं. त्यात रूटबद्दल स्पष्ट म्हटलंय, की यंत्रणा सुरू करणं, बॅकअपवरून परत आणणं, सावरणं आणि दुरुस्त करणं, एवढ्याला पुरेल तितकं सामान रूटमध्ये असलंच पाहिजे. बाकीचं यूएसआरमध्ये. डिस्क तपासणारी आज्ञा रूटमध्ये, पत्ते खेळायचा प्रोग्राम यूएसआरमध्ये.

गडकोट फिरणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या हातच्या गेल्या तरी बालेकिल्ला झुंजवता यावा, म्हणून त्याला स्वतःची तटबंदी, स्वतःचा दरवाजा, आणि वर चंद्रतळ्याचं स्वतःचं पाणी. पाणी माचीवरून भरावं लागलं असतं, तर तो बालेकिल्ला नावापुरताच उरला असता.

संगणकातलं पाणी म्हणजे लायब्ररी. 'फाइलींची यादी दाखव' किंवा 'फाइल कॉपी कर' या आज्ञा स्वतः छोट्या असतात. बरंचसं काम त्या सामायिक लायब्ररीकडून करून घेतात, आणि त्यातली सगळ्यात मोठी लायब्ररी म्हणजे सी-लायब्ररी. शंभर आज्ञांनी शंभर वेळा तोच कोड बाळगण्यापेक्षा एकच सामायिक ठेवला, यात जागा वाचते आणि दुरुस्तीही एकाच ठिकाणी करावी लागते. पण ती एक फाइल बिघडली की शंभरही आज्ञा एकदम मुक्या होतात.

हे मी एकदा अनुभवलंय. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर माझ्या हातून सी-लायब्ररीची चुकीची प्रत जागेवर गेली. पुढची आज्ञा दिली, उत्तर नाही. यादी दाखवणारी आज्ञा चालेना, कॉपी चालेना, नवीन लॉगिन होईना. चालू होती ती फक्त समोर आधीपासून उघडी असलेली शेलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची, खिडकी, कारण तिने जुनी लायब्ररी अगोदरच मेमरीत घेतलेली होती. शेलच्या पोटात काही आज्ञा जन्मजात असतात, त्यांना बाहेरच्या कुणाची गरज लागत नाही. 'एको' लिहून पुढे फुली म्हणजे तारांकित चिन्ह दिलं की फोल्डरमधल्या फाइलींची नावं दिसतात. त्या दिवशी मी अशाच नावांवरून चाचपडत होतो, आणि शेजारच्या माणसाला एकच सांगत होतो, ही खिडकी बंद करू नका, वीज जाऊ देऊ नका.

वाचवलं बिझीबॉक्सने. हा एकच प्रोग्राम, त्याच्या आत कितीतरी आज्ञा, आणि त्या मशीनवर तो 'स्टॅटिक' प्रकारचा होता, म्हणजे लागणारं सगळं पाणी स्वतःच्या घागरीत घेऊन आलेला. १९९५ च्या सुमारास ब्रूस पेरेन्स यांनी तो डेबियन या लिनक्सच्या प्रकारासाठी लिहिला, एकाच फ्लॉपीवर बसेल अशी सुटकेची डिस्क करता यावी म्हणून. त्याच्याच कॉपी-आज्ञेने जुनी लायब्ररी जागेवर आणली आणि सर्व्हर बोलायला लागला. तेव्हापासून माझ्या ताब्यातल्या प्रत्येक लिनक्स मशीनवर स्टॅटिक बिझीबॉक्स असतोच. एक-दोन एमबीची फाइल. आजच्या डिस्कवर तिचं ओझं काहीच नाही.

फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वळणाच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी हाच विचार फार नेटका केला. जानेवारी २००४ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीत त्यांनी रूटमधल्या आज्ञाही सामायिक लायब्ररीवर टेकवल्या. बालेकिल्ल्याचं पाणी माचीवर गेलं म्हणा ना. पण त्याच वेळी त्यांनी रूटमध्ये 'रेस्क्यू' नावाचा एक फोल्डर दिला. त्यातल्या आज्ञा पूर्णपणे स्वयंपूर्ण. आतून तो एकच मोठा प्रोग्राम आहे आणि त्याला अनेक नावं दिलेली आहेत. ज्या नावाने हाक माराल ते काम तो करतो. डिस्क तपासणं, जोडणं, नेटवर्क चालू करणं, बॅकअप उतरवणं, आणि फाइल दुरुस्त करायला 'व्हीआय' हा संपादकसुद्धा. संपादकाचं महत्त्व अनुभवाशिवाय कळत नाही. सेटिंगमधल्या एका चुकीच्या ओळीने मशीन सुरू होत नसतं, आणि ती ओळ खोडायला हाताशी काही नसतं.

लिनक्सने मात्र वेगळी वाट धरली. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत रूटचं 'बिन' आणि यूएसआरचं 'बिन' एकत्र केलं. डेबियनला तिथवर पोहोचायला २०२३ ची १२ वी आवृत्ती उजाडली. यावरून वाद खूप झाले, जुन्या लोकांना बालेकिल्लाच पाडल्यासारखं वाटलं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण खरी स्थिती अशी होती, की रूटमधले प्रोग्राम हळूहळू यूएसआरमधल्या फाइलींवर विसंबायला लागले होते. भिंत कागदावर होती, प्रत्यक्षात तिला भगदाडं पडली होती. आणि तोवर बालेकिल्ल्याचं काम दुसऱ्याकडे गेलं होतं: इनिट-रॅमएफएसकडे.

नाव अवघड, वस्तू साधी. मशीन सुरू होताना कर्नलबरोबर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबरोबर, एक छोटी गाठोडीसारखी फाइल मेमरीत उलगडली जाते. त्या गाठोडीत चालवायला पुरेशा आज्ञा आणि ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारे प्रोग्राम, असतात. खरी डिस्क शोधणं, तिचं कुलूप काढणं, तपासणं आणि जोडणं हे तिचं काम. खरी डिस्क जोडता आली नाही तर बऱ्याच लिनक्समध्ये हीच गाठोडी तुम्हाला एक साधं शेल देऊन थांबते. सगळं मेमरीत चालू असल्यामुळे रूट पूर्ण फुटलं तरी ती शाबूत.

फक्त गाठोडीही कुठेतरी ठेवावी लागते. ती असते 'बूट' या भागात, आणि तो भाग पुष्कळ ठिकाणी लहान, स्वतंत्र पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा काढलेला तुकडा, असतो. अपडेटमागून अपडेट येतात, जुने कर्नल साठतात, बूट भरतं, आणि नवी गाठोडी अर्धवट लिहिली जाते. मग लोक वैतागून जुने कर्नल सरसकट उडवतात. कृपा करून असं करू नका. आदल्या आठवड्यापर्यंत नीट चालणारा एक तरी कर्नल ठेवाच. रेड हॅट या कंपनीच्या लिनक्स घराण्यात (फेडोरा त्यातलंच) 'रेस्क्यू' नावाची एक नोंद बूटच्या यादीत आपोआप येते. तिची गाठोडी जाडजूड असते, कारण तिच्यात फक्त याच मशीनचे नव्हे, इतर हार्डवेअरचेही ड्रायव्हर भरलेले असतात. जागा खाते म्हणून तीही काढणारे मी पाहिलेत. मदरबोर्ड बदलायची वेळ आली की तिची किंमत कळते.

डिस्कच्या आतल्या बाजूलाही हाच प्रश्न आहे, फक्त तो सहसा दिसत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीच्या) सुरुवातीला 'सुपरब्लॉक' असतो. डिस्क केवढी, ब्लॉक (डिस्कचा एक कप्पा) केवढा, कशाचा हिशेब कुठे, हे त्यात लिहिलेलं. तो गेला की उरलेली डिस्क म्हणजे अनुक्रमणिका फाटलेलं दप्तर. म्हणून त्याच्या प्रती डिस्कभर पेरून ठेवतात. चार केबीचे ब्लॉक असले तर पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर, म्हणजे सुरुवातीपासून १२८ एमबी आत. पुढच्या प्रती आणखी लांब लांब. तपासणीच्या आज्ञेला हा आकडा दिला की ती फाटलेलं पहिलं पान सोडून ही प्रत वाचते. उलट उदाहरण जुन्या फॅट पद्धतीचं: तिथेही मुख्य तक्त्याच्या दोन प्रती असतात, पण एकमेकींना चिकटून. डिस्कवर तिथेच ओरखडा गेला तर दोन्ही जातात. जीपीटी या पार्टिशनच्या तक्त्याने त्यातून धडा घेतल्यासारखी मांडणी केली, एक प्रत डिस्कच्या अगदी सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटच्या टोकाला.

आणि डिस्क नावाची वस्तूच दगा देते तेव्हा? फ्रीबीएसडीचं रेस्क्यू आलं त्याच जानेवारी २००४ मध्ये नासाचं 'स्पिरिट' हे रोव्हर मंगळावर उतरलं होतं. २१ जानेवारीला त्याने नीट बोलणं बंद केलं. त्याचा संगणक सुरू व्हायचा, फ्लॅश मेमरीतली फाइल सिस्टिम जोडायला जायचा, अडखळायचा आणि पुन्हा रीस्टार्ट व्हायचा. हे चक्र ६० हून अधिक वेळा फिरलं. बॅटरी उतरत चालली होती, कारण बिचारं झोपतच नव्हतं. कारण नंतर सापडलं: प्रवासात आणि मंगळावरच्या पहिल्या दिवसांत २५६ एमबीच्या फ्लॅशमध्ये फाइलींची संख्या इतकी वाढली होती, की त्यांची यादी सांभाळायला ठरवून दिलेली मेमरी पुरेना.

तिथे पेन ड्राइव्ह लावायला कुणी जाणार नव्हतं. पण रोव्हर बांधतानाच एक सोय ठेवलेली होती. त्याला पृथ्वीवरून सांगता येत होतं, फ्लॅशला हात लावू नकोस, तात्पुरती फाइल सिस्टिम रॅममध्ये उभी कर आणि तेवढ्यावर सुरू हो. ती आज्ञा ऐकायला आणि पाळायला फ्लॅश चांगली असण्याची गरज नव्हती. तसं सुरू केल्यावर फाइली साफ केल्या, फ्लॅश नव्याने फॉरमॅट केली. ९० दिवसांसाठी गेलेलं ते रोव्हर २०१० पर्यंत बोलत राहिलं. अशी सोय आधी कुणीतरी कागदावर मांडली होती, कुणीतरी तिच्यासाठी वेळ मागून घेतला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता परत आपल्या टेबलावर. विंडोजमध्ये दुरुस्तीसाठी 'विंडोज आरई' नावाची एक छोटी यंत्रणा असते, एका गाठोडी-फाइलमध्ये बांधलेली. ती सी ड्राइव्हवर ठेवली आणि सी ड्राइव्ह फुटला, तर दोन्ही गेलं. सी ड्राइव्ह कुलूपबंद असेल तर तिथली गाठोडी कुलपाच्या आत. म्हणून तिला स्वतंत्र, बिनकुलपाचं पार्टिशन देतात. ते सी ड्राइव्हच्या लगेच मागे असावं असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, म्हणजे पुढे जागा कमी पडली तर सी ड्राइव्हचा थोडा तुकडा घेऊन ते वाढवता येतं.

ती जागा खरंच कमी पडली. ९ जानेवारी २०२४ ला केबी५०३४४४१ हे अपडेट आलं. विंडोज आरईमधून बिटलॉकरला वळसा घालता येत होता, ते भोक बुजवणारं. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. कित्येक मशीनवर ती नव्हती, आणि अपडेट पुन्हा पुन्हा फसत राहिलं. उपाय म्हणून काय सांगितलं, तर कमांड प्रॉम्प्ट उघडा, सी ड्राइव्ह २५० एमबीने कापा, रिकव्हरी पार्टिशन पुसा, नवीन बनवा. हे काम मी रोज करतो, तरी दुसऱ्याच्या चालू मशीनवर पार्टिशन कापताना माझा हात थांबतो. घरच्या वापरकर्त्याला ते करायला लावणं मला पटलेलं नाही. सुटकेची जागा आखताना ती पाच वर्षांनी किती फुगेल याचाही अंदाज धरायला हवा.

त्याच वर्षी १९ जुलैला मोठा प्रसंग आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या आसपास जगभर गेली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली. पण जी मशीन कोसळली ती धड सुरूच होत नव्हती, मग दुरुस्त फाइल उतरवून घेणार कशी? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशी ८५ लाख मशीन होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. प्रत्येक मशीनसमोर माणूस बसवून, सेफ मोडमध्ये किंवा विंडोज आरईमध्ये जाऊन, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली २९१ क्रमांकाची ती फाइल उडवायची होती. दोन मिनिटांचं काम. पण मध्ये बिटलॉकर, आणि त्याच्या ४८ अंकी किल्ल्या ज्या सर्व्हरवर साठवलेल्या, तो काही ठिकाणी स्वतःच निळा पडलेला. कर सल्लागार बाईंच्या डेस्कटॉपवरची पीडीएफ आणि ही अवस्था, दोन्हीकडे चूक एकच.

मॅडमची की शेवटी मिळाली. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं, त्या खात्यात ती आपोआप साठवलेली होती. पण ते खातं नोकरी सोडून गेलेल्या सहायकाच्या नावाचं. त्या मुलाने फोनवर आकडे वाचून दाखवले, मी एकेक टाकत गेलो, मॅडम शेजारी उभ्या राहून पडताळत गेल्या. चांगला मुलगा निघाला म्हणून विवरणपत्रं वेळेत गेली.

म्हणजे की मशीनच्या बाहेर हवी, हे तर आलंच; पण ती तुमच्याच हाताशीही हवी. लिनक्समध्ये डिस्क कुलूपबंद करणारी लक्स पद्धत असेल तर तिच्या हेडरची, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या कुलपाच्या माहितीची, प्रत वेगळी काढून ठेवा. हेडर बिघडला तर पासवर्ड तोंडपाठ असूनही डिस्क उघडत नाही. आणि ती प्रत त्याच डिस्कवर ठेवली तर तिचा काही उपयोग नाही. ॲपलने २०११ मध्ये मॅकच्या लायन आवृत्तीबरोबर रिकव्हरी विभाग आणला आणि पाठोपाठ इंटरनेटवरून रिकव्हरी उतरवून घ्यायची सोयही दिली. डिस्क कोरी असली तरी ती चालते, पण वाय-फायचा पासवर्ड आठवत असेल आणि लाइट असेल तर.

बाहेर ठेवलेल्या हत्यारांची एक वेगळी अडचण आहे, ती शिळी होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने सिक्युअर बूटची, म्हणजे कोणत्या सॉफ्टवेअरला मशीन सुरू करू द्यायचं ते ठरवणारी, यादी बदलली, आणि जुन्या लिनक्स पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू व्हायलाच नकार द्यायला लागली. ड्राइव्ह तोच, मशीन तेच, मधल्या काळात दोघांची ओळख मोडलेली. माझ्या पिशवीतला २०२१ चा पेन ड्राइव्ह असाच निकामी निघाला, तोही ग्राहकासमोर.

आता वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि मार्च सुरू होण्याआधी, मी पेन ड्राइव्ह नव्याने बनवतो आणि प्रत्येक ऑफिसातल्या एका तरी मशीनला लावून प्रत्यक्ष सुरू करून बघतो. विंडोजवर 'रीएजंट-सी' ही आज्ञा चालवून विंडोज आरई 'एनेबल्ड' आहे का ते पाहतो. अपडेटनंतर ते गुपचूप बंद पडलेलं मला दोनदा सापडलंय. मॅडमच्या ऑफिसात तिजोरीत एक पाकीट आहे. त्यात चार लॅपटॉपच्या चार चिठ्ठ्या, प्रत्येकीवर मशीनचं नाव, कीचा ओळख क्रमांक, ४८ आकडे, आणि बूटचा मेनू उघडायला कोणतं बटण दाबायचं ते. छापील आहेत, पण बटणाचं नाव मॅडमनी लाल पेनाने पुन्हा लिहून घेतलंय, कारण ते चारही लॅपटॉपवर वेगळं आहे.